ठिपके हलतात तेव्हा मेंदूत काय घडते : एफएमआरआय आणि गतीची जाणीव

क्षितिजा

"अमुक गोष्ट करताना मेंदूचा तमुक भाग उजळला" अशी वाक्ये आता वृत्तपत्रांत नेहमी वाचायला मिळतात. सोबत करड्या मेंदूवर नारिंगी ठिगळ लावलेले चित्र असते. दृष्टिसंवेदनेवर संशोधन करणाऱ्या एका प्रयोगशाळेत काही वर्षे मी अशीच चित्रे तयार करत होते. ते ठिगळ म्हणजे नेमके काय, त्यावरून काय म्हणता येते आणि काय म्हणता येत नाही, हे एकाच उदाहरणाच्या आधारे सविस्तर मांडावे असे बरेच दिवस मनात होते, म्हणून हा धागा. ज्या विषयात एफएमआरआयला, म्हणजे काम करणाऱ्या मेंदूच्या चुंबकीय चित्रणाला, मोठे यश मिळाले, तोच मी मुद्दाम निवडला आहे : डोळ्यांपुढची वस्तू हलते आहे ही जाणीव मेंदूत कुठे आणि कशी तयार होते.

सुरुवात मात्र यंत्रापासून न करता एका रुग्णापासून करते. योसेफ त्सिल आणि त्यांच्या म्युनिकमधील सहकाऱ्यांनी १९८३ साली 'ब्रेन' या नियतकालिकात ४३ वर्षांच्या एका बाईंचा वृत्तांत प्रसिद्ध केला. शास्त्रीय साहित्यात त्या एल. एम. या आद्याक्षरांनी ओळखल्या जातात. मेंदूच्या शिरेत गुठळी झाल्यामुळे त्यांच्या मेंदूच्या मागच्या भागाला दोन्ही बाजूंनी इजा झाली होती. त्यांना रंग ओळखता येत होते, वस्तू ओळखता येत होत्या, अक्षरे वाचता येत होती. फक्त हालचाल दिसत नव्हती. कपात चहा ओतताना धार गोठल्यासारखी स्थिर दिसे आणि कपातली पातळी चढताना दिसत नसल्यामुळे कधी थांबावे ते कळत नसे. खोलीत माणसे वावरत असली की आत्ता इथे असलेला माणूस एकदम तिथे असे. मधला प्रवास त्यांना दिसतच नसे. रस्ता ओलांडताना लांब वाटलेली मोटार पुढच्या क्षणी अंगावर आलेली असे.

जगाचे रंग, आकार, अंतर सगळे शाबूत राहून एकटी गती वगळली जाऊ शकते, याचा अर्थ मेंदूत गतीसाठी काही वेगळी व्यवस्था असली पाहिजे. ती कुठे असावी याचा सुगावा माकडांवरील प्रयोगांतून आधीच लागला होता. १९७१ साली ऑलमन आणि कास यांनी घुबड-माकडाच्या मेंदूत 'मिडल टेम्पोरल', म्हणजे एमटी, हा भाग वर्णिला. त्याच वर्षी डबनर आणि झेकी यांनी मकाक माकडाच्या मेंदूत तसाच भाग दाखवला. झेकींच्या परंपरेत त्यालाच व्ही-५ म्हणतात. तिथल्या बहुसंख्य चेतापेशींना वस्तूचा रंग किंवा आकार यांच्याशी फारसे देणेघेणे नसते. ती कोणत्या दिशेने सरकते आहे यावर त्यांचा प्रतिसाद ठरतो. एखादी पेशी उजवीकडे सरकणाऱ्या ठिपक्यांना धडाधड प्रतिसाद देते आणि तेच ठिपके डावीकडे सरकू लागले की गप्प बसते.

निरोगी माणसाच्या मेंदूत विद्युदग्रे (इलेक्ट्रोड) घालता येत नाहीत. म्हणूनच बाहेरून घेतलेल्या चित्रांना महत्त्व आले. लंडनमध्ये झेकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किरणोत्सारी ऑक्सिजन वापरून पेट चित्रण केले आणि १९९१ साली दाखवले की रंगीत आकृत्या पाहताना मेंदूतील एका ठिकाणी रक्तप्रवाह वाढतो, तर सरकणारे काळे-पांढरे चौकोन पाहताना दुसऱ्याच ठिकाणी. १९९३ साली याच वर्तुळातून आलेला अभ्यास मला आजही फार मोलाचा वाटतो. बारा माणसांच्या मेंदूंत हा गतीचा भाग शोधला, तेव्हा सर्वाधिक वाढीचा बिंदू डाव्या बाजूला माणसागणिक २७ मिलिमीटरपर्यंत आणि उजव्या बाजूला १८ मिलिमीटरपर्यंत इकडेतिकडे होत होता. मात्र मेंदूच्या घड्यांशी असलेले त्याचे नाते सर्वांमध्ये जवळजवळ सारखे होते. म्हणजे नकाशावरचे अक्षांश-रेखांश पाठ करून हा भाग सापडत नाही. प्रत्येकाच्या मेंदूत तो नव्याने शोधावा लागतो.

तो शोधण्याची रीत एफएमआरआयमुळे सोपी झाली. स्वयंसेवक यंत्रात उताणा झोपतो आणि डोळ्यांवरच्या आरशातून पडद्याकडे पाहतो. पडद्याच्या मध्यावर एक खूण असते आणि तिच्यावरून नजर हलवायची नाही अशी सक्त सूचना असते. साधारण सोळा सेकंद ठिपके मध्याकडून बाहेर आणि बाहेरून मध्याकडे सरकतात, पुढची सोळा सेकंद तेच ठिपके स्थिर राहतात, आणि हे चक्र काही मिनिटे चालते. ज्या जागी संकेत हालचालीबरोबर चढतो आणि स्थिरतेबरोबर उतरतो, ती जागा कानाच्या मागे, थोडी वर, मेंदूच्या बाहेरच्या पृष्ठभागावर सापडते. पाच-सहा मिनिटांच्या चित्रणात बहुतेकांच्या मेंदूत ती दोन्ही बाजूंना स्पष्ट दिसते. मेंदूविज्ञानात इतके भरवशाचे निरीक्षण क्वचितच मिळते. टूटेल आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली हेही दाखवले की अगदी फिकट, जेमतेम दिसणाऱ्या हलत्या आकृत्यांनाही हा भाग जोरदार प्रतिसाद देतो. माकडाच्या एमटीचेही तेच वैशिष्ट्य आहे. माणसातल्या या जागेलाही पुढे मी एमटीच म्हणते.

आता माझा मुद्दा. 'हालचाल पाहताना ही जागा उजळते' हे विधान पक्के आहे. 'हालचाल या जागेत दिसते' हे विधान त्यातून आपोआप निघत नाही. या दोन विधानांमधले अंतर किती आहे, याबद्दल येथील जाणकारांशी चर्चा व्हावी अशी इच्छा आहे.

निवृत्त विज्ञानशिक्षक

क्षितिजाताई, लेख फार आवडला. मी साताऱ्यात तेहेतीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवले, त्यामुळे माझी शंका यंत्राबद्दलच आहे. चुंबकीय क्षेत्राला चेतापेशींचे कार्य कसे कळते? पेशीत विद्युत्स्पंद निर्माण होतात हे खरे, पण त्यांचे चुंबकीय क्षेत्र इतके क्षीण असणार की या यंत्राला ते जाणवेल असे वाटत नाही. शिवाय हालचाल ही क्षणार्धाची गोष्ट आहे. सोळा-सोळा सेकंदांचे टप्पे का घ्यावे लागतात?

क्षितिजा

सर, तुमची शंका अगदी मुळाशी जाणारी आहे. यंत्र विद्युत्स्पंद मोजतच नाही. ते रक्तातला बदल मोजते.

हिमोग्लोबिनला ऑक्सिजन चिकटलेला असताना ते चुंबकाकडे ओढले जात नाही, आणि ऑक्सिजन सोडल्यावर ते पॅरामॅग्नेटिक, म्हणजे चुंबकाकडे किंचित ओढले जाणारे, बनते, हे लायनस पॉलिंग आणि कोरिएल यांनी १९३६ साली दाखवले होते. ऑक्सिजन सोडलेले हिमोग्लोबिन आजूबाजूचे चुंबकीय क्षेत्र किंचित विस्कटून टाकते, त्यामुळे तिथल्या पाण्यातील हायड्रोजनच्या अणुकेंद्रांकडून येणारा संकेत लवकर विरतो. पेशी कामाला लागल्या की त्या भागाकडे रक्ताचा ओघ वाढतो, आणि आश्चर्य असे की ऑक्सिजनचा खप जितका वाढतो त्यापेक्षा पुरवठा कितीतरी जास्त वाढतो. परिणामी तिथले ऑक्सिजनविरहित हिमोग्लोबिन कमी होते, विस्कटलेपण घटते आणि संकेत थोडा वर जातो. थोडा म्हणजे साधारण एक ते तीन टक्के. सेइजी ओगावा यांनी १९९० साली प्राण्यांमध्ये हा परिणाम दाखवला आणि १९९२ मध्ये अमेरिकेतील वेगवेगळ्या गटांनी जवळजवळ एकाच वेळी तो माणसाच्या मेंदूत दाखवला.

तुमच्या दुसऱ्या शंकेचे उत्तर रक्ताच्या मंदपणात आहे. ठिपके हलू लागल्यावर एमटीतील पेशी सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत प्रतिसाद देतात, पण रक्ताचा संकेत कळसाला पोचायला पाच-सहा सेकंद लागतात आणि पूर्ववत व्हायला आणखी बराच वेळ जातो. पाऊस थांबल्यावर ओढ्याला पूर यावा आणि पुराच्या उंचीवरून डोंगरात किती पाऊस झाला याचा अंदाज बांधावा, तसे हे काम आहे. आणखी एक भर : तीन मिलिमीटर बाजूच्या एका घनात, ज्याला आम्ही व्होक्सेल म्हणतो, लाखो चेतापेशी असतात. त्यांतल्या निम्म्या उजवीकडच्या गतीला आणि निम्म्या डावीकडच्या गतीला प्रतिसाद देत असतील तर दोन्ही दिशांना त्या घनाचा संकेत सारखाच येईल. दिशांचा भेद पेशींमध्ये असूनही चित्रात दिसणार नाही.

वाटसरू

अमेरिकेत शिकत असताना अशा एका प्रयोगात मी स्वयंसेवक म्हणून भाग घेतला होता, म्हणून आतला अनुभव सांगतो. अंगावरची धातूची प्रत्येक वस्तू काढून ठेवावी लागते आणि कानात बोळे घालूनही यंत्राचा ठोठो आवाज कवटीत घुमत राहतो. ठिपके बाहेर धावू लागले की आपण एखाद्या बोगद्यातून पुढे चाललो आहोत असा भास होतो, आणि मधल्या खुणेवर नजर ठेवणे किती कठीण आहे ते तेव्हाच कळते. माझ्या पहिल्या चित्रणात नजर वारंवार एखाद्या ठिपक्यामागे जात होती. डोळ्यांची हालचाल टिपणारा कॅमेरा लावलेला असल्यामुळे संशोधकांच्या ते ध्यानात आले आणि ते संपूर्ण चित्रण त्यांनी बाजूला ठेवले. मी मनापासून प्रयत्न केला होता, त्यामुळे वाईट वाटले, पण कारण पटले : ठिपक्यांमागे डोळे फिरत असतील तर दिसणारा संकेत पाहण्याचा की डोळे फिरवण्याचा, हे सांगता येणार नाही.

दुसऱ्या वेळी नीट जमले. माझ्याच मेंदूच्या चित्रावर दोन्ही बाजूंना ते ठिगळ त्यांनी दाखवले. डावे आणि उजवे एकमेकांच्या अगदी समोरासमोर नव्हते, हे मला विशेष वाटले.

डॉ. मज्जा

मी मज्जाविकारतज्ज्ञ आहे. एल. एम. यांच्याबद्दल एक गोष्ट सांगण्याजोगी आहे, कारण असे रुग्ण इतके दुर्मिळ का, हे तिच्यातून समजते. नेहमीच्या पक्षाघातात मेंदूच्या एका रोहिणीचा प्रवाह तुटतो आणि इजा बहुधा एकाच बाजूला होते. एका बाजूचा एमटी गेला तरी दुसरी बाजू बरेच निभावून नेते. एल. एम. यांच्या बाबतीत गुठळी झाली ती मेंदूच्या मध्यरेषेवरून जाणाऱ्या मोठ्या शिरेत. ती दोन्ही अर्धगोलांचे रक्त वाहून नेते, म्हणून इजा दोन्हीकडे जवळजवळ सारखी झाली. निसर्गात असा योग क्वचितच येतो.

चित्रात जागा उजळणे आणि ती जागा नष्ट झाल्यावर क्षमता जाणे, हे दोन वेगळ्या प्रकारचे पुरावे आहेत. पहिला पुरावा सांगतो की काम चालू असताना ही जागा सहभागी असते. दुसरा सांगतो की या जागेवाचून काम अडते. १९९२ साली बेकर्स आणि ह्योमबेर्ग यांनी निरोगी माणसांच्या कवटीबाहेरून चुंबकीय स्पंद देऊन या भागाचे काम क्षणभर विस्कळीत केले, तेव्हा त्यांना गतीची दिशा सांगता येईना. माझ्या मते एमटीबद्दलचा आपला विश्वास चित्रांवर जितका उभा आहे, तितकाच अशा प्रयोगांवर उभा आहे.

एक गुंतागुंतही नोंदवतो. पहिल्या महायुद्धात डोक्याला गोळी लागलेल्या सैनिकांची तपासणी जॉर्ज रिडक यांनी केली आणि १९१७ साली लिहिले की प्राथमिक दृष्टिक्षेत्राला, म्हणजे डोळ्यांकडून आलेली माहिती मेंदूच्या पृष्ठभागावर जिथे प्रथम पोचते त्या भागाला, इजा झाल्यामुळे नजरेसमोरच्या ज्या भागात त्यांना काहीच दिसत नव्हते, त्या भागातली हालचाल मात्र काहींना जाणवत होती. पुढे १९९३ साली अशाच एका रुग्णाचे पेट चित्रण झाले, तेव्हा प्राथमिक दृष्टिक्षेत्र नष्ट झालेल्या बाजूलाही व्ही-५ कार्यरत असल्याचे दिसले. डोळ्यांकडून येणारी माहिती एमटीपर्यंत पोचायला मेंदूत आडवाटाही आहेत.

निवृत्त विज्ञानशिक्षक

डॉक्टरसाहेब, आभार. आता माझ्या भागातले एक निरीक्षण सांगून पुढची शंका विचारतो. पावसाळ्यात ठोसेघरला धबधब्याच्या एकाच बिंदूवर मिनिटभर नजर रोखावी आणि मग एकदम शेजारच्या कातळाकडे पाहावे. कातळ सावकाश वर सरकू लागतो. मुलांना मी हे दरवर्षी दाखवत असे. कातळ जागचा हललेला नाही हे ठाऊक असते, त्याचा प्रत्येक खाचखळगा जागच्या जागी दिसतो, आणि तरीही गती दिसते. अशा वेळी एमटी उजळतो का? उजळत असेल, तर तो भाग केवळ हलणाऱ्या प्रकाशाला नव्हे, तर गतीच्या जाणिवेलाच प्रतिसाद देतो असे म्हणता येईल.

क्षितिजा

सर, ज्या प्रयोगासाठी मी हा धागा काढला, नेमक्या त्याच्याच दाराशी तुम्ही आणून सोडले आहे. ठोसेघरचे तुमचे निरीक्षण रॉबर्ट ॲडम्स यांनी १८३४ साली स्कॉटलंडमधील फॉयर्सच्या धबधब्यावर नोंदवले होते. म्हणूनच त्याला धबधब्याचा भ्रम म्हणतात.

१९९५ साली टूटेल आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये हाच प्रश्न एफएमआरआयला विचारला. स्वयंसेवकांना एकमेकांत बसवलेली वर्तुळे सतत बाहेर पसरताना दाखवली आणि मग ती एकदम थांबवली. वर्तुळे स्थिर झाली, पण पाहणाऱ्याला ती आत आक्रसताना दिसू लागली. तुलनेसाठी दुसऱ्या वेळी वर्तुळे आलटून पालटून आत-बाहेर सरकवली. असे केले की थांबल्यावर भ्रम होत नाही. पहिल्या प्रकारात, वर्तुळे थांबल्यानंतरही एमटीतील संकेत लगेच खाली आला नाही. तो सावकाश उतरत गेला, आणि उतरायला लागलेला वेळ भ्रम विरायला लागणाऱ्या वेळाशी जुळत होता. हलणारे काहीच नाही, गती फक्त पाहणाऱ्याला जाणवते आहे, आणि एमटी चालू आहे. गतीची जाणीव डोळ्यांनी पाहावी असे ते चित्र होते. पुढे इतर गटांनाही असेच निष्कर्ष मिळाले.

२००१ साली ह्यूक, रेस आणि हीगर यांनी या चित्राचा पुन्हा विचार केला. त्यांची शंका साधी होती. स्थिर वर्तुळे आक्रसताना दिसू लागली तर कोणीही त्यांच्याकडे टक लावून पाहील. स्थिर वर्तुळे स्थिरच दिसत असतील तर लक्ष हळूहळू दुसरीकडे जाईल. आणि केवळ लक्ष दिल्याने एमटीचा संकेत बराच वाढतो, हे तोवर स्पष्ट झाले होते. मग जादा संकेत भ्रमाचा की लक्षाचा? त्यांनी दोन्ही प्रसंगी, भ्रम असो वा नसो, स्वयंसेवकांना गतीकडे बारकाईने लक्ष द्यावे लागेल असे काम दिले. लक्ष सारखे होताच दोन्ही प्रसंगांतला संकेतही सारखा झाला. त्यांच्या निष्कर्षांनुसार आधीच्या प्रयोगांत दिसलेली सगळीच्या सगळी वाढ लक्षामुळे असू शकत होती.

हा निबंध मी प्रथम वाचला तेव्हा कितीतरी वेळ पुढचे काम सुचले नाही. १९९५ च्या मोजमापात काही चूक नव्हती. संकेत खरोखरच वाढला होता, ठिगळ खरेच होते. त्या ठिगळाला दिलेले नाव डळमळीत होते.

पण ह्यूक आणि सहकारी इथे थांबले नाहीत, आणि त्यांच्या कामाचा हा अर्धा भाग बहुतेक सांगणारे गाळतात. लक्ष समान ठेवल्यावर त्यांनी वेगळा प्रश्न विचारला : एकाच दिशेची गती बराच वेळ पाहिल्यावर त्या दिशेचा प्रतिसाद विरुद्ध दिशेच्या तुलनेत घटतो का? घटतो, असे उत्तर मिळाले. एमटीत तर घटतोच, आणि माहिती एमटीपर्यंत पोचण्याआधी जिथून जाते त्या दृष्टिक्षेत्रांतही. स्वयंसेवकांची वेगातला फरक ओळखण्याची क्षमताही दोन दिशांना असमान झाली होती. म्हणजे धबधब्याकडे पाहताना खालच्या दिशेच्या पेशी दमतात, कातळाकडे वळल्यावर वरच्या आणि खालच्या दिशांचा तोल ढळतो, आणि या ढळलेल्या तोलाला आपण गती म्हणून वाचतो. एकूण संकेत वाढण्याची गरजच नाही. एक पारडे हलके झाले तरी काटा झुकतो. १९९५ मध्ये काट्याचे झुकणे शोधायचे सोडून दोन्ही पारड्यांची बेरीज पाहिली जात होती.

आणखी एक फायदा लक्षात घ्या. एका व्होक्सेलमध्ये सर्व दिशांच्या पेशी मिसळलेल्या असल्यामुळे दिशाभेद दिसत नाही, असे मी वर लिहिले होते. आधी एका दिशेला दमवा आणि मग प्रतिसाद कोणत्या दिशेला घटतो ते पाहा, ही युक्ती वापरली की मिसळलेल्या पेशींमधूनही दिशाभेद बाहेर काढता येतो.

संख्यामित्र

मी संख्याशास्त्र शिकवतो, म्हणून एक तांत्रिक पण आवश्यक मुद्दा मांडतो. संपूर्ण मेंदूच्या चित्रात सुमारे लाखभर व्होक्सेल असतात आणि प्रत्येकाची स्वतंत्र चाचणी घेतली जाते. हजारात एक इतकीच चूक खपवून घ्यायची असे ठरवले तरी लाखात सुमारे शंभर व्होक्सेल निव्वळ योगायोगाने 'उजळतील'. हे दाखवण्यासाठी अमेरिकेतील संशोधकांनी एका मेलेल्या सामन माशाला यंत्रात ठेवून माणसांच्या भावनांची चित्रे दाखवली. चाचण्यांच्या संख्येची दुरुस्ती न करता विश्लेषण केले तर माशाच्या मेंदूतही 'कार्यरत' ठिपके सापडले. दुरुस्ती केल्यावर ते नाहीसे झाले.

क्षितिजा यांनी वर्णिलेली पद्धत मला या बाबतीत भक्कम वाटते. आधी हलते विरुद्ध स्थिर ठिपके दाखवून एमटीची जागा निश्चित केली, आणि मग वेगळ्या चित्रणात फक्त तेवढ्याच जागेबद्दल प्रश्न विचारला, तर लाखभर चाचण्यांचा प्रश्नच उरत नाही. अट एकच : जागा ज्या आकड्यांवरून निवडली, तेच आकडे निष्कर्षासाठी पुन्हा वापरायचे नाहीत. तसे केले तर ज्यांना जास्त गुण आहेत अशीच मुले निवडून 'या वर्गाची सरासरी फार चांगली आहे' असे म्हणण्यासारखे होईल.

शालिनी

मी दृष्टिहीन मुलांच्या शाळेत शिकवते. विषय माझा नाही, पण सर्व प्रतिसाद काळजीपूर्वक वाचले. ज्याने जन्मापासून काहीच पाहिलेले नाही त्याच्या मेंदूत हा भाग काय करत असतो? आणि अशा मुलाला मोठेपणी शस्त्रक्रियेने दिसू लागले तर त्याला गती दिसते का?

क्षितिजा

शालिनीताई, तुमच्या दोन्ही प्रश्नांवर चांगले संशोधन झालेले आहे.

पहिल्याबद्दल : लहानपणीच दृष्टी गेलेल्या आणि मोठेपणी ती अंशतः परत मिळालेल्या दोन व्यक्तींचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सरकणारा आवाज ऐकवला तेव्हा त्यांच्या एमटीने प्रतिसाद दिला. जन्मापासून दिसणाऱ्या माणसांमध्ये तसा प्रतिसाद आढळला नाही. लक्षणीय गोष्ट ही की दृष्टी परत आल्यावर तोच भाग हलत्या दृश्यालाही प्रतिसाद देत होता. आवाजाने जागा बळकावली होती, पण दृष्टीला पूर्ण हुसकावले नव्हते. जागा गतीसाठीच राखीव राहिली, फक्त ती गती कानावाटे येऊ लागली, असा त्याचा एक अर्थ लावता येतो.

दुसऱ्याबद्दल : अमेरिकेतील एमआयटीचे पवन सिन्हा यांनी भारतात सुरू केलेला 'प्रोजेक्ट प्रकाश' तुमच्या कामाच्या अगदी जवळचा आहे. उत्तर भारतातील खेड्यांमधून जन्मजात मोतीबिंदू असलेल्या मुलांवर दिल्लीत शस्त्रक्रिया होते आणि दृष्टी मिळाल्यावर ती कशी शिकत जाते याचा अभ्यास होतो. नव्याने दिसू लागलेल्यांना स्थिर चित्रातील एकमेकांवर आलेले आकार वेगळे करता येत नव्हते. प्रत्येक रेघ, प्रत्येक सावली त्यांना स्वतंत्र वस्तू वाटे. पण तोच आकार हलवला की तो लगेच वेगळा उमटत असे. जे एकत्र हलते ते एकच, या खुणेच्या आधारे त्यांची दृष्टी वस्तू ओळखायला शिकत होती. गतीचे मेंदूतील स्थान इतके मूलभूत आहे.

शालिनी

माझ्या वर्गातली मुले चेंडूत घुंगरू घालून खेळतात आणि तो कोणत्या बाजूने येतो आहे ते अचूक ओळखतात. यापुढे त्यांचा खेळ पाहताना हे नक्की आठवेल.

संख्यामित्र

एक शेवटचा प्रश्न. केवळ एफएमआरआयचे चित्र पाहून माणूस कोणत्या दिशेची गती पाहतो आहे हे संगणकाने सांगितले, असे वाचले होते. मग व्होक्सेलमध्ये दिशाभेद दिसत नाही हे विधान कसे टिकते?

क्षितिजा

कामितानी आणि टाँग यांचा २००६ चा प्रयोग तुमच्या मनात असावा. एकेका व्होक्सेलमध्ये सर्व दिशांच्या पेशी मिसळलेल्या असतात, पण अगदी समसमान नसतात. इथे एका दिशेकडे जरासा कल, तिथे दुसरीकडे. शेकडो व्होक्सेलांचे असे क्षीण कल एकत्र करून संगणक दिशा ओळखायला शिकतो. इतकेच नव्हे, दोन दिशांचे ठिपके एकमेकांवर दाखवून एकीकडे लक्ष द्यायला सांगितले, तर लक्ष कोणत्या दिशेकडे आहे हेही त्यांना ओळखता आले. ते कल सूक्ष्म स्तंभरचनेतून, म्हणजे एकाच दिशेच्या पेशींच्या बारीक गटांतून, येतात की दिशांच्या एखाद्या मोठ्या, ढोबळ नकाशातून, यावर पुढे बराच वाद झाला. २०११ साली ७ टेस्ला इतक्या शक्तिशाली चुंबकाच्या यंत्राने माणसाच्या एमटीत गतीच्या अक्षानुसार मांडणी असल्याचे दाखवले, ते याच दिशेने टाकलेले पाऊल.

पण एक गोष्ट नीट पाहा. संगणकाला दिशा एमटीपेक्षा प्राथमिक दृष्टिक्षेत्रातून अधिक अचूक ओळखता आली, कारण ते क्षेत्र मोठे आहे आणि तिथे व्होक्सेल पुष्कळ मिळतात. म्हणून गतीची जाणीव तिथे होते असे कोणी म्हणणार नाही. माहिती एखाद्या जागी असणे वेगळे आणि मेंदूने ती तिथून उचलून निर्णयासाठी वापरणे वेगळे. दुसरी गोष्ट सिद्ध करण्यासाठी न्यूसम यांच्या गटाला १९९० साली माकडाच्या एमटीतील विशिष्ट दिशेच्या पेशींना सूक्ष्म विद्युत्प्रवाह द्यावा लागला. प्रवाह दिला की माकडाचे उत्तर त्या पेशींच्या दिशेकडे झुकत असे, पडद्यावरचे ठिपके तेच असूनही. माणसाच्या एफएमआरआयमध्ये असा हस्तक्षेप नाही. म्हणून एखाद्या नव्या ठिगळाबद्दल वाचले की मी आधी हे शोधते : या जागेला कुणी हात लावून पाहिले आहे का?

निवृत्त विज्ञानशिक्षक

ताई, यंत्र न वापरता शाळेत करण्याजोगे यातले काही आहे का? गावातल्या मुलांसाठी रविवारी वर्ग घेतो, त्यांना दाखवता येईल.

क्षितिजा

आहे सर, आणि तुमच्या धबधब्याचेच आहे. पुठ्ठ्याच्या तबकडीवर मध्यापासून कडेपर्यंत जाड काळे सर्पिल काढा आणि मधोमध टाचणी लावून ती सावकाश, एकाच दिशेने फिरवा. मुलांनी उजवा डोळा झाकून डाव्याने मध्याकडे एक मिनिट पाहायचे. मग तबकडी थांबवा. सर्पिल उलट दिशेने फुगताना किंवा आक्रसताना किती सेकंद दिसते ते त्याच डोळ्याने मोजायचे. थोडी विश्रांती घेऊन पुन्हा डाव्या डोळ्याने मिनिटभर पाहायचे, पण या वेळी थांबल्यावर डावा डोळा झाकून उजवा उघडायचा. भ्रम डोळ्याच्या पडद्यातच असता तर ज्या डोळ्याने काही पाहिलेच नाही त्याला काहीच दिसायला नको. दोन्ही वेळची सेकंदे मुलांना वहीत शेजारी शेजारी लिहायला सांगा. दुसरा आकडा लहान येईल, पण बहुतेकांच्या वहीत तो शून्य येणार नाही.